कल्याणीचं आर्किटेक्चर आणि तिसऱ्या मजल्यावरचे दोन फूट

बारावीचा शेवटचा पेपर देऊन कल्याणी घरी आली, चपला काढल्या, माठातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "मी आर्किटेक्चरला जाणार आहे."

इंद्रजीत रणपिसे त्या वेळी पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसले होते. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि एकही प्रश्न न विचारता जाहीर केलं, "होणार!"

आर्किटेक्चरला प्रवेश कसा मिळतो, मार्क किती लागतात, परीक्षा असते की नसते, यातलं त्यांना काहीही माहीत नव्हतं. पण मुलीला इंटरमीजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षेत ए ग्रेड मिळाली होती आणि ते प्रमाणपत्र दिवाणखान्यात, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली पण टीव्हीच्या वर, अशा मानाच्या जागी लावलेलं होतं. रणपिसेंच्या दृष्टीने तेवढं पुष्कळ होतं.

पूर्णिमाबाई आतून आल्या. त्या पोस्टात होत्या, आणि पोस्टातल्या माणसाची शिस्त अशी की आलेला मजकूर आपल्या पदरचं काही न घालता पुढे द्यायचा. त्यांनी विचारलं, "चान्स किती आहे?"

"पंच्याऐंशी टक्के," रणपिसे म्हणाले.

"कसे काढलेत?"

"अनुभवाने."

रणपिसे महापालिकेच्या उद्यान विभागात वरिष्ठ लिपिक होते. ट्रकमधून रोपं उतरताना बघून कुठलं जगणार हे आपण सांगू शकतो, असं ते म्हणत. त्यांचं टेबल दुसऱ्या मजल्यावर होतं आणि रोपं त्यांनी बहुतेक कागदावरच पाहिली होती, हा भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या वेळेपर्यंत ही बातमी स्नेहसदनभर झाली, कारण ती रणपिसेंनीच केली. स्नेहसदन ही नारायण पेठेतली चार मजली, सोळा बिऱ्हाडांची सोसायटी. रणपिसे चौदा वर्षं तिथे राहत होते आणि आपल्याला इथे सगळे मानतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. मानणाऱ्यांनी लगेच सल्ले द्यायला सुरुवात केली.

तिसऱ्या मजल्यावरचे श्रीनिवास मेहेंदळे हे बँकेतून निवृत्त झालेले आणि गेली एकोणीस वर्षं सोसायटीचे सचिव. निवडणूक दर वर्षी व्हायची, पण उभं राहण्याचा अर्ज त्यांच्याकडेच द्यावा लागत असल्यामुळे दुसरं कोणी उभं राहत नसे. ते जिन्यात थांबले.

"आर्किटेक्ट? म्हणजे इंजिनिअर वेगळा, कंत्राटदार वेगळा आणि हा तिसरा?"

"हो."

"आणि घर गळायला लागलं की ते तिघांपैकी कोणाचं?"

पहिल्या मजल्यावरच्या हिराकाकू भोंडवे म्हणाल्या, "माझ्या भाचीचा नवरा आर्किटेक्ट आहे. स्वभावाने चांगला आहे हो. दिवसभर घरीच असतो." चौथ्या मजल्यावरचा राकेश खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत होता. सकाळी सातला जायचा, आणि संध्याकाळी आला की मोबाइलवर बोलत बोलतच जिना चढायचा. त्याने एका हाताने मोबाइल झाकला आणि म्हणाला, "काका, आयटीला टाका. दोन हजार दहा साल आहे. आमच्याकडे मुलींना डायरेक्ट कॅम्पसमधूनच उचलतात."

मुलीच्या बाबतीत 'उचलतात' हा शब्द रणपिसेंना मुळीच आवडला नाही. घरी येऊन त्यांनी चान्स नव्वद टक्क्यांवर नेला. लोकांचा एवढा विरोध आहे म्हणजे गोष्ट नक्की चांगली असणार.

प्रवेश परीक्षा असते हे त्यांना कल्याणीने सांगितलं. तिने स्वतःच शोधून शनिवार पेठेतल्या एका क्लासला नाव घातलं होतं. तिथे अक्षता मॅडम स्वतः आर्किटेक्ट होत्या आणि बारा मुलांना शिकवत. पहिल्या दिवशी रणपिसे सोबत गेले. जाण्याची गरज नव्हती, पण प्रमाणपत्र भिंतीवरून काढून बरोबर न्यायचं होतं.

मॅडमनी प्रमाणपत्राकडे पाहिलं, मान डोलावली आणि कल्याणीची चित्रं उलटायला लागल्या. "हात छान आहे," त्या म्हणाल्या. "रेघेत दम आहे. पण ही खुर्चीवर बसलेली बाई आहे ना, हिचे पाय जमिनीला टेकायला अजून दोन वर्षं लागतील."

रणपिसेंनी वाकून बघितलं. बाई खरंच लोंबकळत होती.

"मापाचं भान यायला हवं," मॅडम म्हणाल्या. "दोन तासांचा चित्रांचा पेपर असतो, तिथे ते लगेच दिसतं. तू असं कर, राहतेस ती जागा मोज. मापात काढ. वेळ मिळाला तर पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल कर. पेपरला अजून सहा आठवडे आहेत."

मॅडमना कल्याणीची खोली म्हणायची होती. कल्याणीलाही तेच समजलं. रणपिसे मात्र घरी येईपर्यंत पूर्ण इमारत मोजायचं ठरवून बसले होते.

"पप्पा, मॅडम म्हणाल्या राहतेस ती जागा."

"मग आपण राहतो कुठे? स्नेहसदनमध्ये."

"आपण ब्लॉक नंबर सहामध्ये राहतो."

"आणि तो कुठे आहे?"

कल्याणीने नवी वही काढली, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

शनिवारी रणपिसेंनी कार्यालयातून तीस मीटरची टेप घरी आणली. चामड्याच्या गोल डबीतली, पितळी मुठीची, खास जुनी वस्तू. ताटवे आणि हिरवळी मोजायला ती वापरत. डबीवर पांढऱ्या रंगात 'म.न.पा. उद्यान' असं लिहिलेलं होतं. त्यातलं 'उद्यान' झिजून गेलं होतं आणि 'म.न.पा.' तेवढं ठसठशीत उरलं होतं. ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या लक्षात आली नाही, रणपिसेंच्या तर नाहीच.

रविवारी सकाळी सात वाजता ते पार्किंगमध्ये उतरले. काम गंभीर असल्यामुळे कार्यालयाचा शर्ट, पँट आणि खिशाला पेन. कल्याणी वही घेऊन मागे. टेपचं दुसरं टोक धरायला वॉचमन कचरू. रणपिसे मोठ्याने आकडे सांगत, कारण आकडा हळू सांगितला की चुकतो, असा त्यांचा अनुभव. "पूर्व बाजू! तीस फूट दहा इंच! पहिला मजला, उजवीकडची बाल्कनी… बंद! लिही, बंद!"

खिडक्या उघडायला लागल्या. दूध आणायला खाली आलेल्या दोघांनी कचरूला विचारलं, काय चाललंय? कचरूला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी महत्त्वाच्या कामाला धरलं होतं. तो छाती काढून म्हणाला, "सायबांचं सरकारी काम हाय. मधी बोलायचं न्हाई."

त्याच दुपारी हिराकाकू स्टीलचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. डब्यात साटोऱ्या होत्या. "कल्याणीला हो. अभ्यासाने किती वाळलीय पोर." मग जरा थांबून म्हणाल्या, "ती बाल्कनी काय आम्ही हौसेने बंद केली नाही. पाऊस आत यायचा."

"येतोच ना पाऊस," रणपिसे साटोरी उचलत म्हणाले. "आला की सगळीकडेच येतो."

काकूंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी अळूवड्या आल्या. तळमजल्यावरून शेवग्याचं पिठलं आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या बाईंनी बेडरूमची भिंत पाडून हॉल मोठा केला होता, त्यांनी अख्खा डबाभर आंब्याचा रस पाठवला. गुरुवारपर्यंत ओट्यावर लोकांचे सात डबे जमले.

"बघ," रणपिसे बायकोला म्हणाले, "याला म्हणतात कलेची कदर."

"चौदा वर्षांत मी एकदा वाटीभर साखर मागितली, तर 'आत्ताच संपली' म्हणाल्या होत्या," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "तुम्ही काय मोजताय आणि कशासाठी, हे त्यांना सांगितलंय का?"

"सांगायचं काय त्यात? दिसतंय ना."

राकेशला वेगळंच दिसलं होतं. त्याने रणपिसेंना जिन्याच्या वळणावर गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काका, कोण आहे? फक्त मला सांगा. कार्पेट किती देणार?"

"कार्पेट?" रणपिसे म्हणाले. "आमच्याकडे साधी सतरंजी आहे बाबा. हवी असेल तर ने."

काका पक्के आहेत, बिल्डरचं नाव आणि नव्या फ्लॅटचं कार्पेट क्षेत्रफळ बाहेर फुटू देत नाहीत, असा याचा अर्थ राकेशने लावला. त्याने संध्याकाळी सगळ्या बिऱ्हाडांतल्या तरुण मंडळींना ई-मेल टाकली की इमारत पाडून नवी होणार आहे, सह्या केल्याशिवाय कोणी गप्प बसू नका. अशा रीतीने आठवडाभरात स्नेहसदनचे दोन तट पडले. अर्ध्यांना वाटत होतं रणपिसे महापालिकेतर्फे बाल्कन्या पाडणार, उरलेल्यांना वाटत होतं ते अख्खी इमारत पाडणार. प्रत्यक्षात ते त्या वेळी घरात बसून पुठ्ठा कापत होते आणि दर अर्ध्या तासाने अंगठा कापून घेत होते.

मंगळवारी फलकावर सूचना लागली. अक्षर मेहेंदळ्यांचं.

'काही सभासद सुट्टीच्या दिवशी इमारतीची मोजमापे घेताना आढळले आहेत. इमारत गेली चोवीस वर्षे आहे तेवढीच आहे. शंका असल्यास सचिवांना लेखी विचारावे. वेळ सायंकाळी ५ ते ५.१५. तोंडी उत्तर मिळणार नाही.'

रणपिसेंनी रीतसर अर्ज केला. 'विषय' लिहिला नाही म्हणून तो परत आला. दुसरा अर्ज तारीख डाव्या कोपऱ्यात असल्यामुळे परत आला. तिसऱ्यावर लाल शाईत शेरा होता, 'मोजमाप की मोजणी, ते स्पष्ट करावे.' सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर असेच शेरे मारलेल्या माणसाला आज ते स्वतःच्या कागदावर वाचायला लागत होते. अपमान तर झालाच होता. पण तिसरा शेरा वाचताना त्यांच्या मनात आलं की हा आपल्यालाही सुचला नसता.

खरा फटका शुक्रवारी बसला. उद्यान अधीक्षक रंगराव थोपटे यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. समोर एक पत्र होतं, खाली 'एक जागरूक नागरिक'. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती.

"रणपिसे, मोठी टेप कुठल्या बागेत आहे?"

"घरी आहे, साहेब. मुलीच्या प्रवेशासाठी."

"प्रवेश केवढा आहे तो? तीस मीटरचा?" थोपटे म्हणाले. माणूस वाईट नव्हता, म्हणून तो एवढंच बोलला. "उद्या सकाळी माझ्या टेबलावर."

सव्वीस वर्षांत एकही मेमो न घेतलेला माणूस त्या दिवशी बसने घरी आला. सात डब्यांतल्या एकालाही हात लावला नाही. हिराकाकूंनी सकाळीच पुन्हा पाठवलेल्या अळूवड्यांचा अपवाद, पण त्या शिळ्या झाल्या असत्या.

आता वरचे दोन मजले राहिले होते. कल्याणीने आईच्या शिवणाच्या मशिनमधली दीड मीटरची टेप काढली. "आता काय उपयोग," रणपिसे म्हणाले. "ही ब्लाउजला ठीक आहे."

"तुमच्या पँटी याच टेपने शिवल्यात," पूर्णिमाबाई आतून म्हणाल्या.

"म्हणूनच त्या आखूड होतात."

पण ते गेले. बाप-लेकीने चौथा मजला दीड दीड मीटर करत मोजला. मग तिसरा. तिथे गाडं अडलं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर जिन्यासमोरचा पॅसेज अकरा फूट चार इंच होता. तिसऱ्यावर तो नऊ फूट चार इंच भरत होता. त्यांनी पुन्हा मोजला. तेवढाच. मग कल्याणीने एकटीने मोजला, मग रणपिसेंनी एकट्याने. दर वेळी मेहेंदळ्यांचं दार बोटभर उघडायचं.

"कोण?"

"आम्हीच. मोजतोय."

"अजून?"

अकरा वेळा मोजूनही दोन फूट सापडले नाहीत. मॉडेल तोवर जवळजवळ तयार झालं होतं. पुठ्ठ्याची सोळा बिऱ्हाडं, काडेपेटीच्या काड्यांचे कठडे, हिराकाकूंच्या बंद बाल्कनीला सेलोफेनची काच. फक्त तिसऱ्या मजल्याचं माप बाकीच्या मजल्यांशी जुळत नव्हतं, आणि कल्याणी चार दिवस त्या एका जागेकडे बघत बसली होती. परीक्षा नऊ दिवसांवर आली होती.

"दोन फुटांनी काय होतंय?" रणपिसे म्हणाले. "सारखं करून टाक. कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसतंय, पप्पा."

तिने तेवढी जागा काळ्या रंगाने भरून टाकली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'माहीत नाही'.

रणपिसे तिच्याकडे बघत राहिले. महिनाभर ते जे काही करत होते, म्हणजे ओरडून आकडे सांगणं, टक्के काढणं, जिन्यात छाती फुगवून चालणं, तो सगळा आपला स्वतःचाच उत्सव होता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. पोरगी मात्र खरंच काहीतरी शिकत होती. जागा थोड्या, मुलं हजारो, त्यातली कितीतरी लहानपणापासून क्लास लावलेली. आणि आपण तिचा वेळ घालवला. चान्स किती, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि पहिल्यांदाच काही उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी दहाला विशेष सर्वसाधारण सभा होती. विषय एकच, 'अनधिकृत मोजमापांबाबत विचार करणे.' रणपिसेंनी ठरवलं की आता लपवायचं काही नाही. त्यांनी मॉडेल दोन्ही हातांनी उचलून खाली आणलं आणि पार्किंगमध्ये, कॅरमच्या स्टँडवर ठेवलं.

आरडाओरडा करायला आलेली माणसं वाकून बघायला लागली. सगळे जवळ आले आणि आपापलं घर शोधायला लागले. "ही आमची खिडकी!" "अगं, आमचा कपडे वाळत घालायचा बांबूसुद्धा आहे!" एक मिनिटभर स्नेहसदनमध्ये एवढा जिव्हाळा पसरला की आजवरच्या कुठल्याही गणपतीत तो दिसला नव्हता.

मग हिराकाकू कल्याणीच्या कानाशी लागल्या. "बाळ, माझी बाल्कनी तेवढी उघडी दाखव ना. हे तुझ्या पप्पांच्या खात्यातल्या लोकांनी बघितलं म्हणजे?"

"कुठलं खातं?" रणपिसे म्हणाले. "मी उद्यान खात्यात आहे!"

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"चौदा वर्षं इथे राहतो. मी झाडं मोजतो हो, झाडं! कल्याणीला आर्किटेक्चरच्या परीक्षेसाठी मापं हवी होती, म्हणून मोजत होतो."

"म्हणजे तुम्ही पाडणार नव्हता?" हिराकाकूंनी विचारलं.

"नाही."

"मग माझ्या साटोऱ्या?"

"फार छान झाल्या होत्या."

"छान झाल्याच होत्या! पण मग मी दिल्या कशाला?"

"म्हणजे बिल्डर नाहीये?" राकेश म्हणाला आणि मटकन खुर्चीत बसला. "काका, मी टीममध्ये सगळ्यांना सांगून बसलोय."

एकाने 'फसवणूक' हा शब्द वापरला, दुसऱ्याने 'हेरगिरी'. रणपिसेंचे कान तापले. हेरगिरी! ज्या माणसाने सोसायटीच्या चार कुंड्यांना दर पावसाळ्यात स्वतः खत घातलं, त्याला हेर म्हणत होते! ते काही बोलणार तेवढ्यात मेहेंदळे पुढे आले आणि त्यांनी मॉडेलवर हात ठेवला.

"सदर वस्तू ही संस्थेच्या मालमत्तेची प्रतिकृती आहे. ठराव होईपर्यंत ती संस्थेच्या ताब्यात राहील."

"हात काढा," रणपिसे म्हणाले. आवाज एवढा मोठा आला की त्यांचे तेच दचकले. "अर्ज तीनदा परत केलात, कार्यालयात पत्र टाकलंत, मी गप्प बसलो. पण याला हात लावायचा नाही. माझ्या मुलीने केलंय ते."

"नेऊ दे त्यांना, पप्पा," कल्याणी शांतपणे म्हणाली. "काका, न्या. फक्त एक माप राहिलंय, तेवढं सांगा."

"कुठलं माप?"

"सगळ्या मजल्यांवर पॅसेज अकरा फूट चार इंच आहे. तुमच्या मजल्यावर नऊ फूट चार इंच. बाहेरची भिंत तर वरपासून खालपर्यंत सरळ आहे. मग मधले दोन फूट कुठे गेले?"

मेहेंदळ्यांचा हात मॉडेलवरून आपोआप खाली आला. सगळे त्या काळ्या चौकोनाकडे बघायला लागले.

"म्या बघतो," कचरू म्हणाला आणि जिन्याकडे निघाला. त्याच्यामागून सभा उठली. अध्यक्षांनी तहकुबी जाहीर करायच्या आत सोळा बिऱ्हाडं तिसऱ्या मजल्यावर पोहोचली होती. कचरू पॅसेजच्या टोकाच्या भिंतीवर बोटांनी वाजवत गेला. ठक, ठक, ठक, धब.

भिंत प्लायवूडची होती. इतकी वर्षं दर रंगकामात तिलाही भिंतीचाच रंग लागत आला होता. आणि कुलूप होतं ते तिथे लावलेल्या एका फ्रेमच्या मागे. फ्रेममध्ये लिहिलं होतं, 'जिन्यात व पॅसेजमध्ये सामान ठेवू नये. – सचिव.'

मेहेंदळ्यांनी किल्ली काढली. दुसरा इलाजच नव्हता. आत दोरीने बांधलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे, पत्र्याचे डबे, एक मोडकी छत्री.

"हे संस्थेचं जुनं दप्तर आहे," मेहेंदळे म्हणाले.

"दप्तरात पाळणा कसा?" हिराकाकूंनी विचारलं.

गठ्ठ्यांच्या मागे खरोखरच एक लाकडी पाळणा उभा करून ठेवलेला होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला.

"रोहनचा आहे," मेहेंदळे म्हणाले. रोहन त्यांचा मुलगा, अकरा वर्षं कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये. "म्हटलं, नातवंडं आली तर लागेल. तिथे म्हणे सगळं नवीन मिळतं."

हसायला तयार होऊन आलेली माणसं हसली नाहीत. हिराकाकूंनी पुढे होऊन चादर नीट केली. कल्याणी मात्र खाली बसली, शिवणाची टेप लावली आणि वहीत लिहिलं. "दोन फूट," ती म्हणाली. "बरोबर."

संध्याकाळी मेहेंदळे स्वतः मॉडेल घेऊन रणपिसेंच्या दारात आले. चहा घेतला नाही. रणपिसेंचा तिसरा अर्ज त्यांनी मागून घेतला, लाल पेन चालवलं आणि तो टेबलावर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'मोजमाप. मंजूर.'

परीक्षेच्या दिवशी रणपिसेंनी सकाळी सहा पेन्सिलींना दोन्ही बाजूंनी टोकं करून दिली, म्हणजे सहाच्या बारा होतील. त्या कंपासात बसेनात, म्हणून कल्याणीने दोनच घेतल्या. दोन तास ते केंद्राच्या फाटकाबाहेर उभे होते आणि त्या दोन तासांत कोणालाही काहीही सांगितलं नाही, यावरून त्यांची अवस्था कळावी.

ती बाहेर आली. "काय विचारलं?"

"जिन्याच्या खालच्या पायरीवर एक लहान मूल उभं आहे. त्याला वर बघितल्यावर काय दिसेल ते काढा."

"मग?"

"काढलं. पायरी केवढी असते ते माहीत होतं मला." ती हसली. "सगळ्यांना डोकावताना काढलंय वरून. मेहेंदळेकाका पण आहेत."

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. ते नऊ दिवस घरात पंख्याचाच काय तो आवाज होता. दुसरी यादी लागली ती रणपिसेंनी राकेशच्या घरी, त्याच्या कॉम्प्युटरवर बघितली. राकेशने नाव शोधायचं बटण दाबलं, पडदा खाली सरकला आणि एका ओळीवर थांबला. रणपिसे कल्याणी इंद्रजीत. कॉलेज पुण्यातलंच, पसंतीक्रमातलं दुसरं.

"झालं की काका!" राकेश म्हणाला. रणपिसेंना बोलायचं होतं खूप. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तीच ओळ पुन्हा वाचली.

खाली येऊन त्यांनी गावाकडे फोन लावला. त्यांची आई सोजरबाई शिरूरच्या पलीकडे, धाकट्या भावाजवळ राहत होती. कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून फोनवर बोलणं म्हणजे सगळ्या स्नेहसदनला ऐकवणं.

"आई! कल्याणीचा नंबर लागला! आर्किटेक्चरला!"

"कश्याला?"

"घरं बांधायचं शिकायला!"

"म्हंजी गवंडी व्हणार का ती?"

"नाही आई! गवंड्याने कुठे काय बांधायचं ते सांगणार!"

सोजरबाईंनी विचारलं, "पोरीच्या जातीचं कोण ऐकंल?"

"ऐकतात, आई," रणपिसे म्हणाले. "इथे सोळा बिऱ्हाडांनी ऐकलंय."

"मंग तिला म्हणावं, पयलं आपल्या घराला ये. तिच्या आज्यानं दाराची चौकट बुटकी बसवलीय. चाळीस वरसं झाली, समदी आपल्याच घरात वाकून शिरत्यात."

कल्याणीने फोन त्यांच्या हातातून घेतला. "आजी, किती बुटकी? किती फूट आहे?"

"मला काय ठावं," सोजरबाई म्हणाल्या. "तूच ये मोजाया. आन् येताना बापाला आणू नगं, त्यो लई वरडतो."